दोन मानांची गिटार

यवतच्या ढाब्यावर भिंतीला टांगलेली दोन मानांची स्टील गिटार दिसली आणि गंजक्या तारांचा जुना वास नाकात शिरला. लग्नात वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात ती मीच वाजवायचो. एक मान आनंदी गाण्यांना जुळवलेली, दुसरी रडक्यांना. ऑर्केस्ट्राचे मालक आप्पा, त्यांना सुरातलं ओ की ठो कळत नसे. एका लग्नात मी जेवायला गेलो, तेवढ्यात या रत्नानं कीबोर्डवाल्याकडून दोन्ही माना आनंदी गाण्यांना सारख्याच जुळवून घेतल्या.

"जुळ्या बहिणी हायत्या, दुजाभाव नको!" आप्पा त्याला म्हणाले होते.

पाठवणीला मी तारांवर वाजवायची सळई सरकवली, तर रडकं गाणं खिदळायला लागलं. हुंदके देणारी नवरी फिसकन हसली.

"बघा, पोरगी हसत नांदाया निघाली," आप्पांनी छाती फुगवली.

आता हेच आप्पा ढाब्याच्या गल्ल्यावर बसतात. गिऱ्हाइकानं विचारलं, "दुसरी मान कशाला?"

"स्टेपनी हाय ती."