कुंकवाखालचं साल

मंडळी, आज आसेगावात एका सालापायी मी बोलणी खाल्ली.

मी वाशीमला इंग्रजी शिकवते. आसेगावचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आता नव्वदीत आहेत. माझ्या आजोबांनी महायुद्धाच्या काळात मुंबईहून मागवलेली एक इंग्रजी कादंबरी त्यांच्याकडे आहे. कागद पातळ, पिवळा पडलेला. पहिली आवृत्ती असेल का, या उत्सुकतेनं मी प्रकाशनाचं साल शोधलं, तर नेमकं त्यावरच कुंकवाचं बोट! दसऱ्याला घरात आलेलं नवं पुस्तक पाटावर मांडून पुजायची आमची रीत.

मी ओला रुमाल घेतला, तसे मोठेबाबा कडाडले, "पुसू नको पोरी! माह्या मायचं बोट होय ते."

"पण मग साल कसं कळणार?"

"तिले कुठं वाचता येत होतं? ज्या पानावर अक्षरं कमी दिसले, तिथं लावलं तिनं. तिचा एक फोटोही नाही आपल्यापाशी."

मी रुमाल ठेवून दिला. हळूच माझं बोट त्या कुंकवावर टेकवून पाहिलं. तिचं बोट माझ्यापेक्षा बारीक होतं.

तुमच्या घरी असं न पुसलेलं काय आहे?