तीन अनाथ आणि एक कासारीण

माझा दादा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्लॅनिंगला आहे, आणि त्याला कुठलीच गोष्ट नुसती करता येत नाही. भाजी आणायला निघाला तरी आधी रस्ता ठरवणार, म्हणजे त्याच फेरीत इस्त्रीचे कपडेही उरकतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी कुठून शिरतात ते बघून जागा धरणार. लोक म्हणतात, काय हुशार माणूस! मी त्याची सख्खी बहीण आहे, मला विचारा. एकदा त्याच्याबरोबर पत्ते खेळायला बसा, डोकं उठेल.

असल्या माणसाला मी गोष्टीच्या खेळात घेतलं. त्याला, त्याच्या कंपनीतल्या दोन मित्रांना आणि माझ्या वहिनीला. खेळ तसा सोपा असतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस तयार करायचा. तो कोण, कुठला, त्याला काय येतं, काय येत नाही, सगळं आपणच ठरवायचं. मग एक जण गोष्ट सांगायला लागतो, आमच्याकडे ते काम माझं. समोर खिंड आहे, खिंडीतून धूर निघतोय, बोला, काय करता? ज्यानं त्यानं आपापल्या माणसाच्या वतीनं बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. यात कुणी जिंकत नाही की हरत नाही, एवढं मी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं. दादा म्हणाला, "मग खेळायचं कशाला?" मी कपाळावर हात मारून घेतला.

बसायचो संत तुकाराम नगरला, दादाच्याच फ्लॅटवर, रविवारची जेवणं उरकली की. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात शिकवते. आठवडाभर बोलून घसा बसलेला असायचा, तरी रविवारी मला हुरूप यायचा, कारण डोंगरातली ती मोहीम मी स्वतः रचली होती. गावं, घाट, एक शापित वाडी, तिथली भांडणं. खूप जीव लावून केलं होतं हो मी ते सगळं.

माणसं तयार करायच्या दिवशी तिघं पुरुष आले ते अभ्यास करून. आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर व्हिडिओ बघत होते म्हणे, सर्वांत जबरदस्त पात्र कसं बनवावं याचे. दादाचा माणूस अर्धा राक्षस निघाला आणि वरून मांत्रिक. मी विचारलं, राक्षसाला मंत्र शिकवले कुणी? दादा म्हणाला, "नियमात बसतंय." अरे पण कसं? "एका डावात दोन बाण आणि एक मंत्र पडतो, बाई. याच्यावर कुणी जाऊच शकत नाही." म्हणजे माणूस कोण ते सांगायच्या ऐवजी त्यानं मला मशीनची कपॅसिटी सांगितली.

उणिवांची तर कमालच केली त्यांनी. नियम असा आहे की तुमच्या माणसात एखादी खोट ठेवली की बदल्यात ताकदीचे गुण वाढवून मिळतात. दादानं खोट घेतली समुद्राच्या भीतीची. मोहीम सगळी डोंगरात, समुद्र येणार कुठून! आणि वर मिशीत हसतोय. त्याचा एक मित्र क्वालिटीत आहे, त्यानं शोधून शोधून खोट काढली की याला नाचता येत नाही. दुसरा मित्र मेंटेनन्सचा, चाकणच्या बाजूच्याच एका गावातला. तो म्हणाला, "माझ्या गड्याला गाणं म्हणता येत न्हाई. लई मोठी उणीव हाय राव." आणि तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. डोंबलाची हुशारी ती!

मग मी विचारलं, घरी कोण कोण? दादा म्हणाला, कुणी नाही, आईवडील लहानपणीच वारले. क्वालिटीवाल्याचेही वारले होते. मेंटेनन्सवाल्यानं तर एका आगीत अख्खं गावच संपवलं. तीन शूरवीर आणि तिन्ही अनाथ, न बायको न पोर. मी म्हटलं, अरे काय साथ आली होती का? तर दादानं मलाच समजावलं. "घरचं कुणी ठेवलं की तू त्यालाच पळवून नेणार. मग आम्ही हातातलं काम सोडून त्याच्यामागं धावायचं. फॅमिली म्हणजे लायबिलिटी. ती जागा कोरी ठेवायची."

हे तो बोलला तेव्हा त्याची लग्नाची बायको त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. समोरचे दोघं, तेही बायकापोरांचे धनी, माना डोलावत होते. वहिनी पेन्सिलीला टोक करत राहिली.

वहिनी लातूरकडची. लग्न होऊन इकडे आली, आणि तिचं दिवसाचं वेळापत्रक पहिल्या शिफ्टच्या बसवर बांधलं गेलं ते कायमचं. तिला या खेळात मीच ओढलं होतं. तिनं माणूस केला तो म्हणजे एक कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी, एक गुडघा दुखरा, गावोगाव फिरणार. बांगड्या भरायला बसली की बायका मन मोकळं करतात, त्यामुळे घराघरातलं हिला ठाऊक. घरी म्हातारा बाप आणि एक नवरा, चांगला होता पण बोलायचा नाही. तिनं नावही दिलं होतं कासारणीला, किती गोड. ते मी इथं सांगत नाही, तिचं ते तिच्याकडे असू दे. दादानं विचारलं, "बांगड्या विकून राक्षस मरतो का?" वहिनी म्हणाली, "मारायला तुम्ही तिघं आहात की."

आणि काय खेळली म्हणून सांगू! वाडीच्या पाटलाचा वाडा शापानं बंद झालाय अशी वदंता होती. तिघं वीर बाहेर उभे राहून कुठून हल्ला केला तर किती नुकसान होईल याचे हिशोब करत होते. कासारणीनं मागच्या दारी बांगड्यांची हाक दिली, आतून कडी निघाली आणि ही सरळ आत. पाटलीणबाईचा हात हातात घेतला, "हात किती वाळलाय गं बाई तुझा," म्हणाली, आणि एकेक बांगडी चढवता चढवता तिच्याकडून काढून घेतलं की हा शाप बाहेरच्या कुणी दिलेलाच नाही, पाटलानंच आपल्या धाकट्या भावाला वाड्यात कोंडलंय. माझ्या अंगावर काटा आला. मेंटेनन्सवाला तोंडाचा आ करून ऐकत होता. "वहिनी, तुमची कासारीण भारी हाय," म्हणाला. दादा मात्र फुगून बसला, कारण त्याचे दोन बाण आणि एक मंत्र तसेच राहिले.

त्या दिवशी भांडी आवरताना वहिनी मला म्हणाली, "आठवडाभर मी सगळ्यांचं ऐकते गं. इथं माझी कासारीण बोलायला लागली की सगळे थांबतात. हेही थांबतात." एवढंच तर होतं तिचं त्या घरात, रविवारच्या दुपारची एक खुर्ची.

मग घाटातली लढाई झाली. दरड कोसळत होती, दादानं सगळ्यांना पळायला सांगितलं. कासारीण मागं फिरली, कारण एक आजीबाई झोपडीत अडकल्या होत्या. तिच्यामुळे बाकीचेही थांबले, फासे उलटे पडले आणि क्वालिटीवाल्याचा वीर दरडीखाली गेला. गोष्ट म्हणून याहून चांगलं काय हवं? मला तर पुढचं सगळं दिसायला लागलं होतं.

पण या शहाण्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. लाइन बंद पडली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि 'का' विचारायचं. उत्तर आलं की त्याचंही 'का', त्याचंही 'का', मूळ दोष सापडेपर्यंत. व्हाय-व्हाय म्हणतात त्याला. तर पुढच्या रविवारी तिघांनी माझ्या गोष्टीचं व्हाय-व्हाय केलं! हॉलमध्ये दादाच्या मुलाचा अभ्यासाचा फळा होता, तो पुढं ओढला. वीर का मेला? दरड पडली. दरडीत का सापडला? थांबला. का थांबला? कासारीण थांबली. ती का थांबली? इथं क्वालिटीवाला वहिनीकडे वळला आणि त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही का थांबलात?"

"म्हातारी होती ना आत," वहिनी म्हणाली.

"पण म्हातारीचं काही मिळणार नव्हतं," दादा म्हणाला. "ना गुण, ना वस्तू." आणि फळ्यावर लिहिलं: पात्राची निवड चुकीची. त्याखाली रेघ मारली.

मी उखडले. म्हटलं, अरे ही गोष्ट आहे, तुझी असेंब्ली लाइन नाही, पार्ट बदलायला. म्हटलं, नाकानं कांदे सोलायचे असतील तर चाकणच्या मार्केटात जाऊन सोल, माझ्या टेबलावर नको. दादा शांत. हा चिडतही नाही मेला. म्हणाला, "मी कुणाला काढत नाहीये. शेवटची लढाई अवघड आहे, आपल्याला हीलर लागतो. मी हिच्यासाठी बनवून ठेवलाय. एकतर तो खेळायचा, नाहीतर एवढ्या लढाईपुरतं नुसतं बघायचं." हीलर म्हणजे जखमी साथीदारांच्या जखमा भरणारं पात्र. मी गाशा गुंडाळायलाच उठले होते, तर वहिनीनं माझा हात धरला. "असू दे. उगाच वाद नको. मी खेळते तो हीलर."

दादानं तिच्यापुढे कागद सरकवला. सगळे आकडे त्यानं स्वतः भरलेले, सुवाच्य अक्षरात. कुठल्या वेळी काय करायचं तेही क्रमानं लिहिलेलं. वरच्या ओळीत नाव लिहायला जागा असते, ती कोरी होती. मी ते बघितलं आणि मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बघू या, या तिघांतला कुणी विचारतोय का.

कुणी विचारलं नाही. शेवटची लढाई दुपारभर चालली; क्वालिटीवाल्यानं मेलेल्याच्या जागी तसाच दुसरा वीर आणला होता. "हीलर, मला." "हीलर, इकडं या." "थांब, आत्ता नको, त्याला मरायला अजून वेळ आहे, वाया जाईल." वहिनी दर वेळी दादाकडे बघायची आणि विचारायची, "आता काय करू?" तो सांगायचा, ती फासे टाकायची. एकही शब्द स्वतःचा नाही. मला बघवेना. हे मी आधी कुठं बघितलंय असं वाटत राहिलं, आणि मग लक्षात आलं की रोजच बघते, याच घरात. दादाला मात्र काय आनंद! "बघ किती स्मूथ झालं," तो तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "एकही वीर गेला नाही."

लढाई जिंकली. मग मी घाटाखालच्या दुसऱ्याच गावच्या पाटलाच्या तोंडून विचारलं, बाबांनो, आमचं गाव वाचवलंत, तुमची नावं सांगा, देवळाच्या पायरीवर कोरायची आहेत. तिघांनी आपापल्या वीरांची लांबलचक नावं सांगितली, पदव्यांसकट. मग मी वहिनीकडे वळले.

वहिनीनं कागदाकडे बघितलं, मग दादाकडे. दादा गुण मोजत होता. वर न बघताच म्हणाला, "टाक ना काहीही. नावाला काही बोनस नाही."

वहिनीनं कागद पालथा घातला. मग माझ्याकडे बघून, पाटलाशी बोलावं तशी बोलली, "तिघांचीच कोरा, पाटील. तिघंच आले होते."

मेंटेनन्सवाल्याचं हसू गेलं. "वहिनी, असं काय..." म्हणाला. दादा म्हणाला, "अगं, चारही जण होते की, मी प्लॅनच चौघांचा केला होता." वहिनीनं हातातले फासे त्याच्यासमोर ठेवले. आवाज जराही न चढवता म्हणाली, "तुमचा हीलर तुम्हीच चालवा. तसंही तुम्हीच चालवत होता."

मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. कसचं काय! पुढच्या रविवारी मी गेले ती त्याला चार शब्द सुनवायच्या तयारीनं. वहिनीची खुर्ची भिंतीला लावलेली होती. नव्या मोहिमेसाठी दादानं दोन्ही कागद स्वतःपुढे मांडले होते, राक्षसाचा आणि हीलरचा, आणि दोन्ही हातांत फासे. "असंच बरं पडतंय," मला म्हणाला. "विचारण्यात वेळ जात नाही." मी म्हटलं, वहिनी कुठंय? तो म्हणाला, असेल आत.

ती सकाळीच चिंचवडला बहिणीकडे गेली होती. जाताना त्याला सांगूनही गेली होती, हे मला तिनं फोनवर सांगितलं होतं. मी ते बोलले नाही. दुपार कलली तेव्हा दादानं नजर फाशांवर ठेवूनच आत हाक मारली, "अगं, चहा टाक गं पाच कप." थोड्या वेळानं पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तो उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. "ही घरात नाहीये," तो आम्हाला म्हणाला.