पूर्वेकडचा ओटा

रांधायचं ते बसून आणि पूर्वेला तोंड करून. या दोन गोष्टींत जानकीबाईंनी कधी तडजोड केली नाही. मालवणाकडून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला विचारलं, सूर्य उगवतो कुठल्या अंगाला? नवरा गिरणीतला. त्याला भोंगा ठाऊक, सूर्याचं त्याला काय! शेवटी शेजारणीने एका भिंतीकडे बोट दाखवलं आणि त्या भिंतीशी पाट टाकून जानकीबाई जे बसल्या, ते नवरा गेला, मुलगा कमावता झाला, सून आली तरी तिथेच. भिंत काजळीने काळी व्हायची, दिवाळीला तिला चुना लागायचा, होळीपर्यंत ती पुन्हा काळी.

शहाऐंशी साली मुलाने, सहदेवने, बोरिवली पूर्वेला डोंगराच्या बाजूला फ्लॅट घेतला. स्वयंपाकघर मात्र कसं असावं हे त्याची बायको प्रेमा ठरवणार, असं त्याने सांगून टाकलं. सुनेच्या अंगात तर वारंच शिरलं. रिकाम्या खोलीत तिने खडूने जमिनीवर ओटा आखला, सिंक आखलं, डब्यांच्या फळ्या आखल्या. मग त्या रेघांपाशी उभी राहून ती हवेतच भाकरी थापू लागली. हवेतलं पीठ हवेतल्या डब्यातून घेतलं, हवेतला तवा उतरवला. कुठे हात अवघडला की पायाने रेघ पुसायची आणि नवी ओढायची.

जानकीबाई सिमेंटच्या गोणीवर बसून हे बघत होत्या आणि त्यांचा वासलेला आ मिटत नव्हता. स्वयंपाकघर जसं मिळेल तसं बाईने अंग चोरून त्यात बसायचं, एवढंच त्यांना माहीत. ही पोरगी स्वतःच्या कोपराचं माप गवंड्याला देत होती आणि लहू गवंडी ते मुकाट्याने भिंतीवर टिपून घेत होता!

"आई, तुम्हांला काय पाहिजे ते पण बोला ना," प्रेमा म्हणाली.

"माका काय होया? उभ्यान हाटेलात रांधतत," जानकीबाई म्हणाल्या. "पण शेगडी पूर्वेकच होयी. ता सांगून ठेवतंय."

पूर्वेच्या भिंतीत मोठी खिडकी होती. प्रेमाने शेगडी बरोबर तिच्याखाली घेतली. काळा कडप्पा, मागे पांढऱ्याशुभ्र टाइल्स, खाली सनमायकाची कपाटं. बाजूच्या भिंतीला वळवून ओट्याचा छोटा हात काढला, धुतलेली भांडी निथळायला. सगळं कसं झकास. जन्म चाळीच्या बंद खोलीत गेलेल्या या माणसांपैकी एकालाही वाऱ्याची आठवण झाली नाही.

वास्तूच्या दिवशी ती वाऱ्यानेच करून दिली. नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ द्यायचं म्हणून पाहुणे दाटीवाटीने उभे, आणि दूध काही तापेना. ज्योत फडफडायची, विझायची, खोलीभर गॅसचा वास. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. सहदेवने खिडकी धाडकन लावली तेव्हा कुठे दूध वर आलं. पण खिडकी लावून भाकऱ्या करायच्या म्हणजे उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. शेवटी सहदेवने फर्मान काढलं, उकाडा परवडला, गॅसचा वास नको; रविवारी सुतार येईल, खिडकीवर प्लायवूड ठोकून कपाट करू. प्रेमाचा चेहरा उतरला. शेगडी सरकवली की काम होतं, हे तिला दिसत होतं. पण सासूबाईंची पूर्व मोडायची कोणी?

रविवारी पहाटे जानकीबाई उठल्या. सून निजली होती. चहापुरतं उभं राहायला हरकत नाही, अशी मनाची समजूत घालून त्या ओट्याशी गेल्या. कोंदट वाटलं म्हणून खिडकी उघडली, आणि काडी ओढायची राहूनच गेली.

समोर डोंगर होता. त्याच्यामागे आभाळ आधी राखाडी होतं, मग केशरी झालं, झाडं एकेक करून निराळी दिसू लागली आणि मग तो वर आला. लालबुंद, एवढा मोठा. त्याचं ऊन ओट्यावर उतरलं, कडप्प्यावर पसरलं, त्यांच्या हातांवर आलं. जानकीबाईंना रडू आलं. एवढं थोर काही आपल्या स्वयंपाकघरात येऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किती वेळ त्या तशाच उभ्या होत्या. त्या दिवशी चहा प्रेमानेच केला.

सुतार फळी घेऊन आला, तेव्हा त्या खिडकीपुढून हलल्या नाहीत.

"सहदेवा, ती फळी परत धाड. खिडकी बंद करूची नाय. शेगडी त्या आंगाक घेवा, भांडी निथळतत थंय."

सहदेव गोंधळला. "अगं पण तिकडे उत्तर आली ना! तूच बोललीस, पूर्वेलाच पाहिजे."

"बोललंय खरां." जानकीबाईंनी डोंगराकडे पाहिलं. "जल्मभर पूर्वेक तोंड करून रांधलंय. पण पूर्व बघलंय ती आज, हयच."

प्रेमाने खाली वाकून सिलिंडर बंद केला आणि शेगडीची नळी सोडवायला घेतली.