महापौरांच्या हाताला टेकवलेली शिडी

"देवाजी, खाली उतरा. आत्ताच्या आत्ता!"

मी रस्त्यावरूनच ओरडले. आमच्या चंद्रपूर भागातल्या एका शहरात दिवंगत माजी महापौरांचा नवा पुतळा उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी अनावरण. महापौरांच्या वर उचललेल्या हाताला शिडी टेकवून उद्यान विभागाचे देवाजी हार घालायची तालीम करत होते.

"बाई, एक जण चढ म्हणते, एक उतर म्हणते. मी का करू?" असं कुरकुरत ते उतरले.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे उभी केलेली वस्तू पडली, तर पहिला प्रश्न मला. हा पुतळा फायबरचा, वरून ब्राँझचा रंग. लोखंडी पाइपचा सांगाडा फक्त खांद्यापर्यंत, हात पोकळ. तो स्वतःचं वजन आणि वारा पेलतो, माणूस नाही. जयंती-पुण्यतिथीला हार घातला जाणारच, म्हणून ड्रॉइंगमध्ये मी मागे पक्का जिना दिला होता. तो मला न विचारता गाळला होता.

"कोणी गाळला?"

ठेकेदार म्हणाला, "भाऊ म्हणाले, साहेबांच्या मागं जिना बरा नाई दिसत."

भाऊ म्हणजे महापौरांचे चिरंजीव. ते तिथेच मंडप बघत होते. "काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या मॅडम? सगळीकडं शिडीच लावतात."

"मग तुम्ही चढता?"

"मी कायले चढू? त्यासाठी माणसं हायेत ना."

माझं डोकं फिरलं. वाळूची दोन अर्धी भरलेली पोती मागवली. दोन्ही मिळून देवाजींपेक्षा हलकीच. एक पोतं खालूनच दोर टाकून हाताला लटकवलं. काही झालं नाही. चिरंजीव हसले. दुसरं लटकवताच खांद्यात कडाड् झालं आणि हात लोंबायला लागला.

"साहेबांचा हात तोडला हिनं!" चिरंजीव ओरडले.

"हात परत बसवता येतो," मी म्हणाले. "माणसाचा मणका नाही."

देवाजी शिडी आडवी करत पुटपुटले, "साहेबावानी मी बी माजी झालो असतो."

अनावरण पुढे ढकललं. हात बसला, जिनाही झाला. पुतळ्याचं नुकसान केल्याचा लेखी खुलासा मात्र मला महापालिकेला द्यावा लागला. जिना गाळणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही.

आता पुतळ्याचं काम आलं की मी आधी विचारते, हार कोण घालणार आणि तो उभा कुठे राहणार? उत्तर नसेल तर काम घेत नाही.