रामाजीच्या नावावरचं पुस्तक

गावातलं शेवटचं बाहेर गेलेलं पुस्तक परत येईपर्यंत वाचनालयाला कायमचं कुलूप लावायचं नाही, हा बापूजी मास्तरांचा नियम. त्यांनी बैलबंडीतून एक पेटी पुस्तकं नागभीडहून आणली, तेव्हापासूनचा. मास्तर गेले, पेटीची चार कपाटं झाली, आणि एकतीस वर्षं वाचनालय सांभाळणाऱ्या सुगंधाबाईंनी तो नियम पदराच्या गाठीसारखा जपला.

आता वाचनालय बंद करून पुस्तकं तालुक्याला न्यायची होती. त्यासाठी 'सर्व पुस्तकं जमा' या कागदावर बाईंची सही हवी होती. तालुक्याचा कारकून अजय तिसऱ्यांदा टेम्पो घेऊन आला होता.

"बाई, करून टाका ना जी सही. आता सारं मोबाईलमंदी भेटते."

"मोबाईल वाघाच्या भेवानं घरी बसलेल्या बाईले पुस्तक नेऊन देईन का?"

"पण एकच तं पुस्तक बाकी हाय!"

"रामाजीकडं हाय."

"रामाजीले वाघानं नेऊन वरीस झालं! आता वाघाले नोटीस धाडता का?"

बाई हसल्या नाहीत. जंगलात विडीसाठी तेंदूपत्ता तोडताना रामाजी गेला, तेव्हा त्याच्या पिशवीत दोन भागांच्या कादंबरीचा पहिला भाग होता. पिशवी सापडली, पुस्तक नाही. त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे त्याच्या नावानं एक डहाळी टाकायचा, बाईही टाकायच्या. टाकताना मनात म्हणायच्या, 'आणू नको भाऊ. ते तुझ्याकडंच राहू दे.' ते बाहेर होतं, म्हणून वाचनालय होतं.

त्यांनी कुलूप काढलं. कोंदट खोलीत ओल्या मातीचा वास होता. काल स्वतः बांधलेली पुस्तकांची पोती भिंतीशी तशीच उभी. आणि टेबलावर, मधोमध, पहिला भाग.

पानं फुगलेली. शेवटच्या पानात खूण म्हणून तेंदूचं पान. हिरवंगार.

"कोणी ठेवलं हे?" अजयनं विचारलं.

"किल्ली माह्याचकडं हाय."

बाई मनात म्हणाल्या, 'काऊन आणलंस रे भाऊ?'

"चला, जमा झालं," अजय घाईघाईनं म्हणाला आणि कागद पुढं सरकवला. "करा सही. मले इथी थांबू नाई वाटून राह्यलं."

बाईंनी पेन घेतलं. पण आधी कार्ड. पुस्तक बाहेर जाताना त्याचं कार्ड काढून वाचकाच्या खणात ठेवायचं, परत आलं की पुस्तकात घालायचं. हात सवयीनं रामाजीच्या खणात गेला. पहिल्या भागाचं कार्ड निघालं.

त्याच्यामागून आणखी एक निघालं. दुसऱ्या भागाचं.

त्यावर चुन्याचा अंगठा. तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा घोटताघोटताच रामाजी कार्ड धरायचा, दर वेळी बोलणी खायचा. बाईंनी बोट लावलं. चुना ओला होता.

अजयनं एकेक पोतं सोडलं, सारी पुस्तकं जमिनीवर ओतली. दुसरा भाग कुठंच नव्हता. मागं न बघता तो टेम्पोत जाऊन बसला. कागद टेबलावरच राहिला.

बाईंनी शिक्क्यावर आजची तारीख फिरवली, कार्डावर दाबली आणि ते जपून खणात ठेवलं.

"वापस कराले पंधरा दिवस हायेत," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या. "आन् हात धुवून येत जा म्हटलं होतं ना तुले."

मग त्या खाली बसल्या आणि पुस्तकं परत कपाटात लावू लागल्या.