जुन्या दराचा पाळणा

फाटकाबाहेर उभं राहून जितक्या करमणुकी आमच्या दाजींनी पाहिल्या, तितक्या फाटकातून आत जाऊन अख्ख्या कोल्हापुरात कोणी पाहिल्या नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. कोर्टात कारकून होते. सर्कस आली की तंबूच्या मागच्या अंगाला उभं राहून, सिंहाच्या ओरडण्यावरून त्याला आज जेवण मिळालंय की नाही ते आम्हाला सांगत. सिनेमा ते थिएटरबाहेरच्या काचेतल्या फोटोंवरून पाहत, आणि फोटो ओळीनं लावलेले नसले तर डोअरकीपरला बोलावून तसं सुनावत. आत न जाण्याचं कारण एकच, दर. कुठल्याही करमणुकीचा खरा दर म्हणजे आपण ती पहिल्यांदा पाहिली तेव्हाचा, त्यानंतरची सगळी वाढ ही लूट, असं त्यांचं मत होतं. आणि दाजींचं मत एकदा झालं की त्यावर अपील नव्हतं.

यावरून कोणी त्यांना चिक्कू म्हणेल तर ते चूक आहे. मी शाहूवाडीकडून शिकायला म्हणून आक्काकडे आले ती नोकरी लागेपर्यंत तिथंच राहिले, आणि त्या सगळ्या काळात माझ्या फीबद्दल दाजींनी तोंडातून शब्द काढला नाही. फाटकावरून परत फिरताना ते आम्हा सगळ्यांना भडंग आणि उसाचा रस देत. त्याचा खर्च तिकिटांहून जास्त होतो, हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं. "खाल्लेलं अंगाला लागतंय," दाजी म्हणाले. "बघितलेलं कुठं लागतंय?" घरात त्यांचा शब्द चाले तो असा. बाकी कामाला ते हौसेनं हात लावत. बल्ब गेला तर आक्का स्टुलावर चढून तो बदलत असे आणि दाजी स्टूल धरत. गच्चीवर पापड वाळत घालायला आम्ही जात असू आणि दाजी खालून कावळे हाकत.

दिवाळी उलटून उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की कसबा बावड्याच्या वाटेवरच्या माळावर आनंदमेळा येई. वेडेवाकडे आरसे, मोटारसायकलची विहीर आणि मधोमध आकाशपाळणा. फाटकावर एकच तिकीट, त्यातच पाळण्याची एक फेरी. लग्नाच्या पहिल्या वर्षी दाजी आक्काला घेऊन या पाळण्यात बसले होते. नवे पैसे आले होते, पण मेळेवाल्याकडची छापील तिकिटं संपायची होती, त्यामुळे त्या गुलाबी कागदावर 'दोन आणे' असंच होतं. ते तिकीट दाजींच्या पाकिटात, दत्ताच्या फोटोमागे कायम असे. दर साली ते फाटकावर जाऊन खिडकीतून आत धरत, कोर्टात पुरावा दाखल करावा तसं.

"हे कुणाचं तिकीट? तुमचंच न्हवं?"

"माझंच साहेब," मेळ्याचा मालक म्हणे. मिरजेकडचा दाढीवाला म्हातारा होता, सगळे त्याला चाचा म्हणत. "पण तो जमाना गेला."

"जमाना गेला, पाळणा तोच हाय की. आधी चार गडी फिरवत हुते, आता इंजन फिरवतंय. गडी कमी केलासा, मग दर वाढला कसा?"

चाचा मागच्या गिऱ्हाइकापुढे हात करी. मग दाजी समाधानानं तिकीट घडी करून ठेवत आणि आम्ही भडंग खाऊन घरी येत असू. आक्काची पोरं अंगणात 'मेळा मेळा' खेळत. त्या खेळात एक जण खिडकीत बसे, एक जण दाजी होई, बाकीचे रांगेत उभे राहत, आणि आत कोणीच जात नसे. आपण चुकीचं खेळतोय अशी शंकाही त्यांना आली नाही.

यात एकट्या आक्काची पंचाईत होती. पहिल्या वर्षी पाळणा वर गेला तेव्हा तिला पश्चिमेला पन्हाळा दिसला होता, आणि त्याच्यामागे निळ्या रेघेसारखे आमच्याकडचे डोंगर. त्या काळी सासरी गेलेली मुलगी सणालाच माहेरी जायची, तेही भाऊ न्यायला आला तर. डोंगर पुन्हा एकदा बघायचे एवढंच तिचं मागणं होतं. ते ती दर साली मांडी आणि दर साली ते दरवाढीत अडके. "एस.टी.नं चार दिवस जाऊन ये की," दाजी म्हणत. आक्का म्हणे, "तिथं गेल्यावर डोंगर दिसत न्हाईत. तिथं म्हशी दिसतात."

मग एका वर्षी आक्रीत घडलं. दाजींनी तिकीट आत धरलं आणि चाचा म्हणाला, "साहेब, दर साल तुम्ही येताय, माझं तिकीट जपून ठेवलंय. आज जुन्या दरानं बसा. वहिनींना पण घ्या."

दाजींचा चेहरा निकाल विरुद्ध लागल्यासारखा झाला. त्यांनी थोडा विचार केला. "एकट्याला सवलत घेणं बरं न्हवं," ते म्हणाले. "मागं एवढी माणसं हायत."

"मग या फेरीला सगळ्यांना जुना दर," चाचा म्हणाला.

रांगेत एकदम जीव आला. दाजींनी पाळण्याच्या खिळ्यांची चौकशी केली, इंजनाच्या तेलाची केली. शेवटी मागून एक पैलवान म्हणाला, "बसा की पावणं. तुम्ही बसला न्हाईसा तर आमचा बी दर जातोय."

एका डब्यात आक्का आणि मी, समोर दाजी. पाळणा हलला तशी दाजींनी मधली दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. खाली येताना ते नृसिंहवाडीच्या दत्ताचं नाव घेत होते. आक्का अर्धी उभी राहिली होती. "अहो, तो बघा पन्हाळा. त्याच्या मागं बघा, आमचं."

"बघतोय की."

"डोळं मिटून?"

"मागल्या बारीला बी असंच बघितलतं," दाजी म्हणाले. "तू म्हणालीस डोंगर हाय. मी म्हटलं, असंल."

खाली उतरल्यावर ते सरळ घरी चालत गेले. भडंगाची आठवण आम्हालाच करून द्यावी लागली. त्यानंतर त्यांनी ते तिकीट कधी खिडकीत धरलं नाही. चाचा मान्य करणारा माणूस निघाला होता, त्याच्यापुढे पुन्हा जाण्यात धोका होता.

मध्ये बरीच वर्षं गेली. दाजी रिटायर झाले, आक्काचे गुडघे धरले, आमची आई गेली आणि माहेरी जायचं तसं कारण उरलं नाही. मी बँकेत होते, रविवारी त्यांच्याकडे जात असे. अशाच एका रविवारी चहा झाल्यावर दाजी म्हणाले, "चला, मेळा आलाय."

खिडकीत आता चाचाचा मुलगा बसला होता. पाटीवर 'तीन रुपये' लिहिलं होतं. मी वादाची वाट पाहत उभी राहिले. दाजींनी तीन तिकिटं काढली. पाळण्यापाशी आल्यावर म्हणाले, "चपला काढा, वरनं पडतील. मी धरतो."

"तुमचंही तिकीट काढलंय ना?" मी विचारलं.

"असू दे. खाली हुबं ऱ्हायला बी जागा लागतीया."

पाळणा वर गेला. पश्चिमेला नव्या चार मजली इमारती झाल्या होत्या. गच्च्यांवर टाक्या, दोऱ्यांवर चादरी. आक्का प्रत्येक फेरीला वर आली की मान लांब करून बघत होती. मीही बघितलं. चादरींच्या पलीकडे काही नव्हतं. खाली दाजी आमच्या चपलांचे दोन जोड हातात धरून, जमिनीकडे बघत उभे होते.

उतरल्यावर त्यांनी आक्काच्या पायाशी चपला नीट मांडल्या. "दिसलं का?"

"दिसलं की," आक्का म्हणाली.

"पन्हाळा बी?"

"आन् त्याच्या मागचं बी. हाय तसं हाय."

"मग तीन रुपयं काय जास्त न्हाईत," दाजी म्हणाले, आणि तिन्ही तिकिटं दत्ताच्या फोटोमागे ठेवून भडंगाच्या गाडीकडे निघाले. मला त्यांनी काही विचारलं नाही.