जेलवाल्यांचा चहा

मी गाव सोडलं तो गुरुवार होता, म्हणजे आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. सकाळी नऊच्या सुमारास मी लिंबागणेशकडच्या फाट्यावर पुण्याच्या एसटीची वाट बघत उभा होतो. पाठीवर सॅक, हातात आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. माझे वडील, आबा, मोटारसायकलवर सोडायला आले होते. गाडी लांबून दिसली तेव्हा एवढंच म्हणाले, "आज तरी जाया नगं व्हतंस." मी पायरीवर पाय ठेवायच्या आत त्यांनी मोटारसायकल वळवलीसुद्धा. मला खिडकीजवळची जागा मिळाली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. जामखेड गेलं, मग नगर गेलं, भाकरी तशीच मांडीवर राहिली.

त्या दिवशी आबांनी जाऊ नको का म्हटलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. गावात राहिलेल्यांना सगळं माहीतच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठी लिहितो. कुणाचं आडनाव मात्र लिहिणार नाही. बीडच्या माणसाला आडनाव कळलं की पुढचं वाचायची गरज उरत नाही, तो आधीच बाजू घेऊन मोकळा होतो.

आरक्षणाचं आंदोलन पेटलं होतं. आम्ही मागणारे, ते विरोध करणारे. रस्ता रोको, उपोषण, घोषणा, सगळं रीतसर चाललं होतं. एके दिवशी दुपारी तालुक्याच्या गावी लाठीमार झाल्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आला आणि आमच्या टोळक्याचं डोकं फिरलं. चौकात सोपानकाकांचं चहाचं हॉटेल होतं. सोपानकाका त्यांच्यातले. त्यांच्या हातचा चहा पिऊनच मी मिसरूड फुटेपर्यंत वाढलो होतो. आम्ही तोंडाला फडकी बांधली. बाकीच्यांनी दगड मारले. छपरावरच्या ताडपत्रीला पेटता बोळा लावला तो मी. काका मागच्या दाराने बाहेर पळाले म्हणून वाचले. ते पळताना एक चप्पल दारात राहिली, ती मला दिसली होती.

आम्ही पाचजण जेलात गेलो. त्यांनी आमच्या दुकानांवर दगडफेक केली होती, त्यात त्यांचे तिघे. जेलच्या कागदावर आम्ही दंगलीचे आरोपी होतो आणि गावच्या बॅनरवर लढवय्ये. बराक एकच मिळाली. पहिले आठ दिवस आम्ही एका भिंतीला, ते दुसऱ्या भिंतीला. मधे छताला एकच पंखा, आणि दिवस मे महिन्याचे. उकाड्यापुढे कुणाचंच काही चाललं नाही. नवव्या दिवशी आठही जणांच्या सतरंज्या पंख्याखाली आल्या.

माझ्या शेजारी परमेश्वर आला. सोपानकाकांचा सख्खा पुतण्या, शाळेत माझ्या एक वर्ग पुढे. तो फारसं बोलायचा नाही. एका दुपारी मी त्याला सांगून टाकलं की हॉटेल मी पेटवलं. का सांगितलं ते मला आजही सांगता येत नाही. त्याने सतरंजी उचलली आणि परत भिंतीला गेला. तीन दिवस तिकडेच होता. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "तिकडं लई गरम हुतंय बे." हॉटेलचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

जामिनावर आधी आम्ही सुटलो. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जेलमधून सुटलेल्याला वेशीवर घ्यायला डीजे येतो, क्रेनला लटकवलेला हार येतो आणि जेसीबीच्या खोऱ्यातून झेंडूची फुलं ओततात. मला ते नको म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मिरवणूक मुद्दाम चौकातून नेली. काका काळ्या पडलेल्या भिंतीला चुना लावत होते. डीजे त्यांच्यासमोर बराच वेळ थांबवला, पोरं नाचली, फुलं माझ्या केसात, शर्टात. काकांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, चुना लावत राहिले. त्या आठवड्यापासून गाव पुरतं फाटलं. त्यांच्या दुकानात आमचं कुणी जाईना, आमच्या गिरणीवर त्यांचं दळण येईना. पेटवापेटवीने जे झालं नव्हतं ते त्या फुलांनी केलं, आणि हार माझ्या गळ्यात होता.

परमेश्वर चार दिवसांनी सुटला. त्यांच्या लोकांनी दोन जेसीबी ठरवले होते. या पठ्ठ्याने वकिलाला सांगून सगळ्यांना दुसऱ्या दिवशीची वेळ कळवली आणि स्वतः काळी-पिवळी जीपने एकटाच आला. घरी जायच्या आधी आमच्या दारात आला. "मावशी, पानी द्या," म्हणाला. आईने तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि गेला. एवढ्यावरून त्याच्या लोकांनी त्याला महिनाभर बेइमान म्हणून हिणवलं. त्याच्या बापाने त्याचं घरातलं जेवण बंद केलं.

पण तो हटला नाही. शांतता समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या. पोलीस ठाण्याचे साहेब यायचे, दोन्हीकडची म्हातारी माणसं मान डोलवायची आणि आपापल्या वाटेने घरी जायची. परमेश्वर म्हणायचा, "म्हाताऱ्यांचं कोन ऐकतंय? दुसरं कुनी मिटवाया गेलं तर त्याला भेकड म्हन्तेत. आपुन जेलात गेलतो. आपल्याला भेकड म्हनायची कुनाची छाती हाय?" त्याने आठही जणांना एकेक करून गाठलं. बेत साधा होता. काकांचं हॉटेल पुन्हा सुरू होणार होतं. पहिल्या गुरुवारी, भर बाजारात, आठही जेलवाल्यांनी तिथे बसून चहा प्यायचा. भाषण नाही, फोटो नाही.

मला तो शेवटी भेटला. म्हणाला, "तू पायजेस. बाकीचे न्हाई आले तरी चालंल." मी हो म्हणालो. मग घरी येऊन सॅक भरली.

नंतर कळलं की सातजण बसले होते. दहा वाजल्यापासून बाजार उठेपर्यंत. पहिल्यांदा लोक नुसते बघत उभे राहिले. दुपारी बैल घेऊन बाजाराला आलेले आमच्या बाजूचे दोघे बाहेरच्या बाकावर टेकले आणि चहा मागितला. गाव एका दिवसात सांधलं नाही, पण पुढच्या महिन्यात गिरणीवर दळण आलं. आबा स्वतः काकांकडे जाऊन बसायला लागले. फोनवर ते मला हे सांगत आणि मी हं हं करत असे. मला आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही. शिफ्ट संपवून येऊन झोपायचो.

चाकणच्या कारखान्यात मी पार्ट तपासतो. मापाच्या गेजमध्ये बसला तर पुढे, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. दिवसभर बोलावं लागत नाही, हे मला सोयीचं झालं. कायम होण्यासाठी चारित्र्य पडताळणी लागते, अंगावर केस असल्यामुळे मी कंत्राटीच राहिलो. खोलीतल्या मुलांना गाव बीड सांगितलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तू कोणत्या बाजूचा?" मी कानाला हेडफोन लावतो. दिवाळीला आई इकडे यायची, डब्यात शेवया आणायची, दोन दिवस राहून जायची. "कावून येत न्हाईस रे गावाकडं?" असं ती विचारायची आणि मी सांगायचो, केस आहे ना आई, मला तिथे दिसणं बरं नाही. तारखेला मात्र जायचो. बीडच्या कोर्टात हजेरी लावायची आणि आल्या पावली परत.

गेल्या पावसाळ्यात सोपानकाकांची साक्ष होती. आम्ही पाचजण ओळीत उभे. ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले, शपथ घेतली. खूप म्हातारे झाले होते. सरकारी वकिलांनी विचारलं, यातले कुणी त्या दिवशी होते का, नीट बघून सांगा. काकांनी चष्मा पुसला. एकेकाकडे बघत ते माझ्यापर्यंत आले आणि थांबले. मी खाली बघितलं.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "तोंडं बांदली व्हती. मी कुनालाच वळखलं न्हाई."

बाहेर लिंबाखाली परमेश्वर त्यांना घ्यायला थांबला होता. माझ्या जवळून जाताना काका थबकले. हळूच म्हणाले, "फडकं तोंडाला व्हतं रे. चाल कशी झाकशील? तुज्या बापाची चाल हाय." मग म्हणाले, "ये गावाकडं. माय थकली तुजी." मी येतो म्हणालो आणि तीनच्या एसटीने पुण्याला आलो. त्या गाडीत मला पहिल्यांदा लाज वाटली, खरीखुरी, कानशिलं तापवणारी. इतक्या वर्षांनी काहीतरी वाटलं, याचंच मला नवल वाटत होतं.

आम्ही सगळे निर्दोष सुटलो. निकालाची प्रत मी ऑफिसात दिली, आता कायम होईन म्हणतात. आई म्हणाली, आता तरी ये. इतकी वर्षं केसचं निमित्त होतं, त्याच्या आड मी बरा होतो. ते निमित्त काकांनी शपथेवर खोटं बोलून काढून घेतलं. परमेश्वरने सांगितलं म्हणून बोलले की आपल्या मनाने, हे मी दोघांनाही विचारलेलं नाही.

गाव म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी आमचं शिवार सांगितलं असतं, शाळा सांगितली असती. आता एवढंच सांगेन की मी काय केलं ते जिथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी एकदा ते माझ्या तोंडून ऐकायचं ज्यांचं राहिलं आहे, ते माझं गाव. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. दोन आठवड्यांची रजा शिल्लक आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.